हवल्लीत रशियन बोलणारा माणूस

हवल्ली, कुवेत
२८ ऑगस्ट १९९०

ती. दादांस,
शरदचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र फखरुन्निसाभाभींच्या हाती देतोय. आमच्या बिल्डिंगखाली किराणा दुकान आहे, इथल्या भाषेत बकाला. त्याचे मालक गुहागरचे अशरफभाई, त्यांची ही मंडळी. मुलाबाळांना घेऊन त्या बसने बगदादवरून अम्मानला जातील आणि तिथून आपल्या विमानाने मुंबईला. अशरफभाई मात्र दुकान राखायला थांबलेत.

मी सुखरूप आहे. दोन तारखेला इराकचं सैन्य शिरलं, ते तुम्ही रेडिओवर ऐकलंच असेल. मालन आणि समिधा सुट्टीला तुमच्याकडे कुडाळला होत्या, हे माझं नशीब. घरी गणपती बसला असेल. लाल बावट्याच्या घरात मोदक होतात यावर तुमचे पक्षातले मित्र अजून बोलतात का?

तुम्ही विचाराल, मग मी त्या बसमध्ये का नाही? सरळच लिहितो. इथल्या तपासनाक्यांवर मराठी वाचणारा कोणी नाही, म्हणून धीर करतोय. माझ्या घरात एक माणूस लपलेला आहे. आमच्या कंपनीचा अमेरिकन इंजिनियर, डॉयल. अमेरिकन आणि इंग्रजांना सैनिक धरून इराकमध्ये नेतात आणि कारखान्यांवर, धरणांवर ठेवतात, म्हणजे वरून बाँब पडणार नाहीत. डॉयल सबाह अल-सालेम या उपनगरात राहायचा. त्याच्या गल्लीत धरपकड सुरू झाली तसा तो एक प्लास्टिकची पिशवी घेऊन माझ्या दारात आला. पिशवीत दोन शर्ट आणि इन्शुलिनच्या बाटल्या. त्याला मधुमेह आहे.

हा तोच डॉयल, ज्याच्याबद्दल मी तुम्हाला चिडून लिहायचो. पूर्वी त्यांच्या नौदलात होता, रशियन पाणबुड्यांच्या मागावर. माझा ओडेसाचा डिप्लोमा पाहिल्यापासून साऱ्या वर्कशॉपसमोर मला कॉम्रेड म्हणून हाक मारायचा. एखादा जनरेटर बिघडला की म्हणायचा, कॉम्रेडनं हात लावला असणार. त्याचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता. तरी माझ्याकडे आला, कारण भारतीयांच्या घरांची झडती कमी होते. दार लावून घ्यायला मी हात उचलला होता दादा, पण तो पुढं सरकेना.

आता रेडिओवर सांगतात की अशा लोकांना आसरा देणाऱ्याला फाशी. त्याला सोडून जाता येत नाही आणि बरोबर नेताही येत नाही. मालनला हे सांगू नका. कंपनीचं काम उरकून येतो म्हणा.

लोभ आहेच, या दिवसांत तो थोडा जास्त असू द्यावा.

आपला,
शरद


कुडाळ
२२ सप्टेंबर १९९०

चि. शरद यास,
हरिश्चंद्रचे अनेक आशीर्वाद वि. वि.

कुवेतमधील आपल्या लोकांसाठी धान्य घेऊन जहाज निघाले आहे. त्यावर फखरुन्निसाबाईंचे एक आप्त खलाशी आहेत, त्यांच्याकडे हे देत आहे. मालनपासून लपवायचा तुझा बेत एक दिवसही टिकला नाही. बाई स्वतः एस.टी.ने पत्र द्यायला आल्या आणि दोघी स्वयंपाकघरात बोलत बसल्या. पुढचे तूच समज.

माझ्या आयुष्याची गंमत पाहा. तुम्ही मुले शाळेत असताना मधल्या सुट्टीत तुम्हांला अमेरिकन पावडरीचे दूध मिळे, आणि घरी मी तुमच्या वह्यांना रशियन मासिकांच्या गुळगुळीत पानांची कव्हरे घालीत असे. दोन्ही महासत्ता एकाच दप्तरात. मला वाटे, आपण दुधाला भुललो नाही. तुला ओडेसाला पाठवण्यासाठी मुंबईच्या भारत-रशिया मैत्रीसंघाच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा तर आपण इतिहासाच्या बाजूने उभे आहोत अशी माझी खात्री होती. तीन वर्षांपूर्वी तूच कळवले होतेस की कुवेतने तेलाच्या जहाजांसाठी रशियापुढे हात पसरला, तशी अमेरिका आपला झेंडा घेऊन धावत आली. शेख मोठे हुशार, दोघांच्या चुरशीत आपला लाभ साधतात, असे तू लिहिले होतेस. आता तुझ्या गल्लीतले रणगाडे रशियन, सौदीच्या वाळूत उतरलेली विमाने अमेरिकन, आणि युनोत दोघांचे हात एकाच बाजूला वर. चाळीस वर्षे मी ज्या भांडणात एक बाजू घेऊन घसा कोरडा केला, ते भांडणच मिटले म्हणतात. मग मधल्या मध्ये तू का अडकलास, एवढे मला कोणी समजावून सांगावे.

आता वडीलकीच्या नात्याने सांगतो. डॉयलच्या पाठीशी त्याचे आरमार आहे. तुझ्या पाठीशी कोण आहे? त्याला दुसऱ्या सुरक्षित घरी पोचव आणि नीघ. तो अमेरिकन आहे म्हणून सांगत नाही. रशियन असता तरी हेच लिहिले असते. निदान मला तसे वाटते.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या म्हाताऱ्यावर लोभ ठेव.

तुझा,
दादा


(त्याच पाकिटातून)

प्रिय समिधाच्या बाबांस,
मालनचा सप्रेम नमस्कार.

दादांनी आज्ञा केली आहे. मला आज्ञा करता येत नाही, म्हणून विचारते.

पहिले दोन दिवस मी त्या माणसाला मनापासून शिव्याशाप दिले. तिसऱ्या दिवशी मनात आलं, याला बायको असेल का? तेव्हापासून शाप देणं जमत नाही. ते बरं झालं नाही. शिव्या देऊन निदान झोप तरी लागायची.

समिधाला इथल्या शाळेत बसवलं आहे. बाई मराठीत विचारतात, ही इंग्रजीत उत्तर देते, मुली हसतात. परवा बाईंनी नकाशात कुवेत दाखवायला सांगितलं. हिनं बोट ठेवलं ते उचलेचना. शेवटी बाईंनी हात धरून तिला जागेवर नेऊन बसवलं. हे मला दुसऱ्या मुलीकडून कळलं.

एक गोष्ट दादांना सुचली नाही ती मला सुचली. त्या माणसाची इन्शुलिन संपली की काय करणार? बाटल्या काही वर्षभराच्या आणल्या नसतील. ती कुठून मिळवणार, आणि कोणासाठी म्हणून मागणार? याचं उत्तर लिहा. गोड लिहू नका, खरं लिहा.

जपा. तुमच्या वाट्याचा लोभ इथं राखून ठेवला आहे, येऊन घ्यावा.

तुमची,
मालन


हवल्ली
११ नोव्हेंबर १९९०

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

केरळच्या एक नर्सबाई मायदेशी चालल्या आहेत, त्यांच्याबरोबर हे पाठवतो. मालनला वाचून दाखवा. तिनं खरं लिहायला सांगितलंय.

सप्टेंबरात मी पावाच्या रांगेत उभा होतो. बेकरीचा जनरेटर सैन्यानं आणून बसवलेला, रशियन बनावटीचा, तो अडून बसला होता. शिपाई लाथा घालत होते आणि रांग खोळंबली होती. मी वैतागून पुढं गेलो, पाटीवरची अक्षरं वाचली आणि तेलाचा कॉक उघडला. वाचताना मोठ्यानं वाचलं, तेवढंच चुकलं. मागून एकानं अस्खलित रशियनमध्ये विचारलं की ही भाषा कुठं शिकलास. तो कप्तान यूसुफ. मोसुलचा. दोन वर्षं ओडेसाच्या लष्करी शाळेत होता, माझ्यानंतर सहा-सात वर्षांनी. आम्हाला त्या शहरानं डिझेल इंजिन शिकवलं, त्याला तोफा. पण ट्राम तीच, आणि प्रिवोझ बाजारात टांगलेले सुके मासेही तेच. मला तिथं आपल्या सुकटीची आठवण यायची, हे सांगितल्यावर तो हसला.

तेव्हापासून तो दर आठवड्याला घरी चहाला येतो. नको म्हणता येत नाही. आतल्या खोलीच्या दाराला मी कपाट लावलंय, त्यामागं डॉयल असतो. यूसुफ सांगतो की अरबीत बोललं तर शिपाई ऐकतात, वरिष्ठांच्या कानावर जातं. रशियनमध्ये तो मोकळा होतो. तारुण्याची आठ वर्षं इराणच्या लढाईत गेली, आता हे. त्याला घरी जायचंय आणि ते बोलायची चोरी आहे. त्याच्या येण्यामुळं आमच्या बिल्डिंगची झडती होत नाही. म्हणजे ज्याची भीती, तोच कुंपण झालाय.

डॉयलचं वेगळंच. भिंतीआड त्याला रशियन ऐकू येतं, मधूनच हसणं ऐकू येतं. पहिल्यांदा यूसुफ गेल्यावर मी कपाट सरकवलं तर हा भिंतीला पाठ लावून बसलेला, हातात स्क्रूड्रायव्हर. किती वर्षांपासून त्यांच्यासाठी काम करतोस, असं त्यानं मला विचारलं. दोन दिवस माझ्या हातचं जेवला नाही. आम्ही दोघं त्याच तीन खोल्यांत कोंडलेले आणि तो मला पहारेकरी समजतो. मीही एकदा चिडून म्हणालो, दार उघडं आहे, जा. तो उठला नाही, मीही दार उघडलं नाही.

आता मालनच्या प्रश्नाचं उत्तर. ऑक्टोबरात इन्शुलिन संपत आली. केमिस्टांची दुकानं लुटलेली. इस्पितळांचा औषधसाठा सैन्याच्या ताब्यात, आणि तिथल्या जनरेटरवर यूसुफची नेमणूक. मी त्याच्याकडे माझ्यासाठी म्हणून मागितली. त्यानं काही न विचारता दुसऱ्या खेपेला आणून दिली, ओल्या फडक्यात गुंडाळून. मी चहा केला, नेहमीसारखा त्याच्या-माझ्या पेल्यात दोन-दोन चमचे साखर घातली आणि प्यायला बसलो. यूसुफ माझ्या पेल्याकडे बघत राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मधुमेहाच्या माणसानं त्याच्यासमोर दोन चमचे साखर घालून घेतली होती, आणि असे कितीतरी पेले मी याआधीही त्याच्यासमोर प्यायलो होतो. त्यानं कपाटाकडे पाहिलं नाही. हात लांब करून साखरेचं भांडं माझ्यापुढून उचललं, स्वतःच्या बाजूला ठेवलं आणि ओडेसाच्या हिवाळ्याबद्दल बोलत राहिला.

आता तो आला की मी बिनसाखरेचा चहा पितो. औषध येत राहतं. डॉयलला मी एका केमिस्टकडून मिळतं असं सांगितलंय. खरं कळलं तर तो टोचून घेणार नाही.

यूसुफनं माझा पासपोर्ट मात्र नेलाय. इस्पितळाचे जनरेटर बंद पडले तर मीच लागणार, असा वरून हुकूम आहे म्हणतो. तेव्हा डॉयल नसता तरी मी आता निघू शकत नाही.

माझी काळजी करू नका असं लिहिणार होतो, पण खरं लिहायचंय. करा. आणि लोभ कमी पडू देऊ नका.

आपला,
शरद


हवल्ली
१५ डिसेंबर १९९०

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितो. साऱ्या परकीयांना जाऊ द्यायचं इराकनं जाहीर केलं. डॉयल गेला. चार महिन्यांनी जिना उतरताना अशरफभाईंनी त्याला एका बाजूनं धरलं. बसमध्ये चढण्याआधी त्यानं माझा हात हातात घेतला. आभार मानले, आणि तसाच हात धरून विचारलं की तो रशियन बोलणारा तुझा कोण. मी मित्र म्हणालो. त्यानं हात सोडला.

आता घर रिकामं आहे. कपाट बाजूला केलंय, तरी आतल्या खोलीत जाववत नाही. वाटलं होतं, तो गेला की मी सुटलो. पण पासपोर्ट अजून यूसुफकडेच आहे. तो म्हणतो, माझं नाव वरच्यांकडे गेलंय, त्याच्याही हातात काही नाही. जानेवारीत लढाई होणार असं सगळेच बोलतात. अशरफभाईंनी तांदूळ आणि सुका जवळा साठवलाय.

समिधाला सांगा, तिनं बोट ठेवलं होतं तिथंच मी आहे.

तुमच्या आशीर्वादाची आज फार गरज असलेला,
शरद


हवल्ली
२० मार्च १९९१

जनाब हरिश्चंद्र गुरुजी यांस,
अशरफ यांचा सलाम.

आपली ओळख नाही, पण शरदभाऊंच्या तोंडून तुमचं नाव रोज ऐकलं. कुवेत सुटलं. आम्ही दोघं लढाईतून वाचलो, अल्लाचे उपकार. आता जी खबर देतो ती देताना हात जड होतो.

सैन्य पळायला लागलं त्या दिवशी दुपारी तो कप्तान शरदभाऊंचा पासपोर्ट परत द्यायला आला. रस्त्यात सर्वांदेखत त्यांना मिठी मारली आणि बसऱ्याच्या रस्त्यानं निघाला. त्या रस्त्यावर पळणाऱ्यांवर अमेरिकन विमानांनी कसे बाँब टाकले ते साऱ्या दुनियेनं पाहिलं. त्याचं काय झालं, माहीत नाही.

पण ती मिठी गल्लीनं पाहिली होती. कुवेत सुटल्यावर बंदुका घेतलेले लोक आले, इराक्यांचा माणूस म्हणून शरदभाऊंना घेऊन गेले. मी सांगितलं की या माणसानं अमेरिकन लपवला होता. ते म्हणाले, कुठाय अमेरिकन? दाखव. मी कुठून दाखवू? पंधरा दिवसांनी त्यांना पोलीस ठाण्यात आणलंय. मी डबा देऊन आलो. डाव्या हाताची दोन बोटं मोडलीत, बाकी ठीक आहेत.

गुरुजी, तो डॉयल मिळायला हवा. त्याच्या तोंडून निघेल तेच इथं चालेल.

दुवा करा. आमच्यावरही मेहेरनजर असू द्या.

आपला,
अशरफ


कुडाळ
१८ एप्रिल १९९१

चि. शरद यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

हे अशरफभाईंच्या पत्त्यावर पाठवीत आहे, ते तुला पोचवतील.

मी मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत जाऊन आलो. व्हिएतनामच्या वेळी याच फाटकाबाहेर मी घोषणा दिल्या होत्या आणि पोलिसांची काठी खाल्ली होती. या खेपेस आत गेलो. मालन बरोबर होती. मला धीर द्यायला आली असे ती सांगते, पण मी वाटेत माघारी फिरेन अशी तिला शंका होती, हे मी ओळखून आहे.

एका अधिकारी बाईंनी आमचे म्हणणे ऐकून घेतले. तुझे शिक्षण कुठे झाले, ओडेसाला कोणी पाठवले, सारे विचारले. मग विचारले, मी कम्युनिस्ट पक्षाचा सभासद आहे काय? मालनने टेबलाखाली माझा हात दाबला. नाही म्हणण्याने तू सुटणार असतास तर मी नाही म्हणालो असतो, शरद. आयुष्यात प्रथमच मला तसे वाटले. पण एक खोटे सापडले तर तुझे खरेही कोणी मानणार नाही, म्हणून हो म्हणालो, चाळीस वर्षांपासून. बाईंनी ते लिहून घेतले. मालनला पाणी दिले. मग डॉयलचे पूर्ण नाव विचारले.

आठवड्याने त्यांचा फोन पोस्टमास्तरांकडे आला. डॉयल सापडला. कंपनीच्या कामासाठी तो पुन्हा कुवेतला येणारच होता, आता लवकर येईल. तो काय बोलेल याची त्यांनी हमी दिली नाही.

मॉस्कोत दुकाने रिकामी आहेत असे वाचतो. पूर्वी मी अशा बातम्या भांडवलदारांच्या म्हणून टाकून देत असे. हल्ली टाकून देत नाही आणि त्यांवर बोलतही नाही. मालन जेवायला वाढते आणि काही विचारत नाही, हे तिचे उपकार.

धीर धर. लोभ काय लिहायचा, तो तुझ्यामागे तुरुंगापर्यंत आला आहे.

तुझा,
दादा


हवल्ली
२३ मे १९९१

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

मी सुटलो. पुढच्या आठवड्यात मुंबईला विमान आहे, मालनला आणि समिधाला आणू नका, मीच कुडाळला येतो. पेटलेल्या तेलविहिरींच्या धुरानं इथं भर दुपारी दिवे लावावे लागतात, उजेडाला डोळे सरावायला थोडे दिवस जातील.

कसं सुटलो ते लिहितो, कारण घरी सगळ्यांसमोर मला सांगता येणार नाही.

डॉयल ठाण्यात आला. तब्येत सुधारलीय. तपास अधिकारी कुवेती, तिशीचा, इंग्रजी चांगलं. डॉयलनं सांगितलं की या माणसानं मला चार महिने लपवलं, खायला घातलं, औषध मिळवून दिलं. तेवढ्यावर मी सुटत होतो. पण अधिकाऱ्यानं माझ्याकडे वळून विचारलं, औषध कुठून मिळवलंस?

मला केमिस्ट म्हणता आलं असतं. डॉयलनंही मान डोलावली असती, त्याला तेच ठाऊक होतं. दादा, तुम्ही वकिलातीत हो म्हणालात ते पत्र मला दोनच दिवसांपूर्वी पोचलं होतं. पण नुसतं त्यामुळं नाही. यूसुफनं हे केलं, हे जगात मला एकट्याला माहीत होतं, आणि मी तोंड मिटलं असतं तर ते घडलंच नव्हतं. मी खरं ते सांगितलं. इन्शुलिन सांगितली, चहाचा पेला सांगितला, भांडं उचलून ठेवलं ते सांगितलं.

डॉयल दंडावर, जिथं टोचून घ्यायचा, तिथं हात दाबून बसून राहिला. मग अधिकाऱ्याला म्हणाला की हेही माझ्या जबानीत घाला, याखाली माझी सही घ्या. त्या आवाजात तो मला वर्कशॉपमध्ये कधी ऐकू आला नव्हता.

अधिकारी लिहीना. त्यानं शिपायाला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, आता मारणार. तो खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसला. त्याचा धाकटा भाऊ सैन्य पळण्याच्या आधी मशिदीतून बाहेर पडताना उचलला गेला. इराकला नेलेल्यांपैकी बरेच परत आले, तो आला नाही. त्यानं हळू आवाजात विचारायला सुरुवात केली. हा कप्तान माणूस कसा होता? धरलेल्यांना छळणारा होता का? किती वाजता निघाला, एकटा की तुकडीबरोबर? मोसुलला त्याचं कोण आहे? तो जिवंत असला तर तुला कधी निरोप पाठवेल का? पाठवला तर तू त्याला माझ्या भावाबद्दल विचारशील का?

ज्याच्याशी बोललो म्हणून माझी बोटं मोडली, त्याच्याशी मी पुन्हा बोलावं म्हणून तो माझ्या विनवण्या करत होता.

मी म्हणालो, मला काहीच माहीत नाही. तरी त्या डावखुऱ्यानं पेन घेऊन यूसुफचं नाव आणि गाव स्वतःच्या उजव्या तळहातावर लिहून घेतलं. फाईल समोर होती, तिच्यात लिहिलं नाही. मी त्याच्या भावाचं नाव विचारलं. बद्र. एकवीस वर्षांचा, डाव्या भुवईवर व्रण आहे. हे सांगून झाल्यावर तो उठला, दार उघडलं आणि मला जा म्हणाला, पण मूठ मिटलेला तो उजवा हात त्यानं मला निरोप द्यायला पुढं केला नाही. अक्षरं पुसतील म्हणून असावं.

येतोच आहे. तोवर आहे तसाच जीव लावून असा.

आपला,
शरद